खांबाआडून अर्धा पडदा

ती. दादांना,

आधी वाकून नमस्कार, मग बाकीचं. (नमस्कार कुठल्या नात्याने करायचा, या विचारात पेनाचं टोपण उघडून दहा मिनिटं बसलो होतो. लोक ‘माजी मंत्री’ म्हणतात, ‘माजी सैनिक’ म्हणतात, पण ‘माजी मेहुणा’ म्हटलं की तुमच्याच हातून काहीतरी गैरव्यवहार झाला आणि तुम्हाला पदावरून काढलं असं वाटतं. तेव्हा पूर्वीचंच ‘दादा’ चालू ठेवतो. हरकत असेल तर कळवा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना? दोन्ही वेळा दुखत असेल तर जिना बदला. वहिनींचा बसलेला आवाज एव्हाना उठला असेल. तुम्ही कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवता असं कळलं. ड्रॉवरला सगळं ऐकू येऊन आपल्याला काय उपयोग? आणि मी दिलेली वरची कवळी बोलताना टकटक करत असेल तर सहन करू नका, पाठवून द्या, घासून देईन.

मी इकडे मजेत आहे. दोन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल, पण कारण आजारपण वगैरे नाही. मी सिनेमे बघत होतो. हसू नका, सविस्तर सांगतो.

बुधवार हा माझा कवळ्या शिजवायचा दिवस. मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरायचा, साचे आवळून बंद करायचे, गरम पाण्यात ठेवायचे आणि मग ते आपले आपण निवेपर्यंत हात लावायचा नाही. दुपारचे दोन-तीन तास नुसते बसून काढायचे. पूर्वी मी त्या वेळात स्टुलावर बसून शेल्फवरच्या जबड्यांशी बोलायचो. प्लास्टरचे चाळीसेक जबडे आहेत, प्रत्येकावर पेशंटचा नंबर. स्वभावाने चांगले आहेत, कधी मध्ये बोलत नाहीत. पण सात वर्षं कुणी मध्ये बोललंच नाही, की माणूस आपलं वाक्य पुरं करायचं विसरतो हो. एका सोमवारी दातांच्या डॉक्टरांकडे माल द्यायला गेलो, त्यांनी ‘काय, कसं काय?’ विचारलं, आणि माझ्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून त्यांनी मला खुर्चीवर झोपवून टॉर्च लावला. घशात काहीच नव्हतं. शनिवार दुपारपासून मी एक शब्द बोललो नव्हतो, एवढंच. (ही गोष्ट वहिनींना सांगू नका. त्या फोन करतील, आणि मग मला बोलावं लागेल.)

त्याच डॉक्टरांच्या बाहेरच्या फळ्यावर वाचनालयाची चिठ्ठी लावलेली होती: दर बुधवारी दुपारी तीन वाजता, तळघरात, हॉलिवूडचे जुने विनोदी प्रेमपट, कुणीही यावं. प्रेमाशी माझा संबंध संपलेला आणि विनोदाशी कधी जुळलेला नाही. पण वेळ बरोबर जुळत होती, म्हणून गेलो.

तळघर म्हणजे पुस्तकांची अडगळ सरकवून केलेली जागा. तीस खुर्च्या, मधोमध एक जाडजूड खांब, आणि भिंतीवर पांढरं कापड. प्रेक्षक धरून बांधून सहा. दोन म्हाताऱ्या बहिणी, ज्या पेपरमिंटची गोळी कागदातून सोडवायला अर्धा सिनेमा लावतात. एक निवृत्त न्यायाधीश, ताठ, पांढऱ्या मिशांचे. एक गृहस्थ नावं सुरू होताच झोपायचे आणि ‘समाप्त’ला टाळ्या वाजवायचे. शिवाय ग्रंथपालबाई आणि मी. ग्रंथपालबाई आधी उभ्या राहून सिनेमाची माहिती द्यायच्या, ती सिनेमापेक्षा थोडीच आखूड असायची.

दादा, तुम्ही हे सिनेमे पाहिलेत का? काळेपांढरे, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे. पाहिले नसतील तर सांगतो. त्यांत सगळे वर्तमानपत्रात नोकरीला असतात आणि कुणीही कामावर जात नाही. टोप्या इतक्या असतात की डोकी कमी पडतात. पावसात भिजलं तरी बाईचे केस विस्कटत नाहीत. दात तर सगळ्यांचेच सुरेख (पहिल्या बुधवारी पाहिलेल्या नायकाचा वरचा उजवा पटाशीचा दात बसवलेला होता, पैज लावून सांगतो, पण काम पहिल्या नंबरचं). पहिल्या दिवशी पाहिलेल्या गोष्टीत एक घटस्फोटित जोडपं एकाच पियानोवर हक्क सांगत होतं. तो पियानो त्या दोघांनी भांडत भांडत चार मजले वर चढवला, आणि तेवढंच भांडत खाली उतरवला. बस, एवढीच गोष्ट. घरी येऊन भात लावताना मी एकटाच हसत होतो, आणि मग एकाएकी हसू थांबलं. कारण मला कळलं की त्या दोघांनी अख्ख्या सिनेमात एकदाही ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटलं नव्हतं. फक्त उलट उत्तरं दिली होती. आणि उलट उत्तर द्यायला आधी समोरच्याचं नीट ऐकावं लागतं. ती अर्धं वाक्य बोलायची, तो उरलेलं पळवायचा, ती ते हिसकावून परत घ्यायची. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं कुणी कधी ऐकलं असेल, आणि मी कुणाचं ऐकलं असेल, याचा मी भात करपेपर्यंत विचार केला. एवढ्या वर्षांत ते सिनेमे का शिळे होत नाहीत, याचं ग्रंथपालबाई जे काही कारण सांगत असतील ते असो. माझं कारण हे.

आमच्या घरात भांडण नव्हतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मूलबाळ नव्हतं, आरडाओरडा नव्हता, कपबशी फुटलेली नव्हती. तुमची बहीण दिवसभर हॉस्पिटलात एक्स-रे काढायची, मी दिवसभर दात बनवायचो. ती हाडं बघायची, मी दात. मधलं जे काही असतं ते दोघांनीही बघायचं राहून गेलं. वकिलांनी घटस्फोटाचं कारण विचारलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत बसलो होतो, दुसऱ्याला तरी माहीत असेल या आशेने.

तर तिसऱ्या बुधवारी मला उशीर झाला (एका साच्याचा स्क्रू अडकला होता). दिवे मालवलेले होते. चाचपडत मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर नायक एका जिवंत हंसाला सूटकेसमध्ये कोंबत होता. आणि पुढच्या अंधारातून हसू आलं. आधी श्वास आत घेतल्याचा आवाज, मग काहीच नाही, आणि मग एकदम खळखळून. दादा, असं जगात एकच माणूस हसतं. मी तिला पूर्वी म्हणायचो, की पेशंटना दिवसभर ‘श्वास रोखा, आता सोडा’ सांगून सांगून तुझं हसूही तसंच झालंय. ते हसू मी सात वर्षांनी ऐकलं असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे अकरा. शेवटची चार वर्षं ती आमच्या घरात हसलीच नव्हती. मला ते त्या तळघरात कळलं, हंस सूटकेसमध्ये जात असताना.

अशा वेळी सिनेमातला माणूस काय करील? पुढे जाईल, टोपी काढील, काहीतरी टोचून बोलेल. मी खुर्चीवरून हळूच सरकलो आणि खांबाच्या मागे जाऊन बसलो. तिथे तो दिवस धरून पाच बुधवार बसलो. खांबामुळे पडद्याची उजवी बाजू दिसत नाही, त्यामुळे त्या पाच सिनेमांचा मी फक्त डावा अर्धा पाहिलेला आहे. एका गोष्टीत नायिका शेवटपर्यंत कुणाशी भांडत होती ते मला आजही माहीत नाही. पण मी बघायला जातच नव्हतो. तिला कुठे हसू येतं ते ऐकायला जात होतो. आणि बुधवारी संध्याकाळी कवळ्या साच्यातून सोडवताना ते सगळं ओळीने आठवायचो. मजेत होतो.

सातव्या आठवड्यात मात्र मला हुरूप आला, आणि तिथेच घोटाळा झाला. या सिनेमांतली माणसं नेहमी अपघाताने भेटतात. म्हणून मीही एक अपघात घडवून आणायचं ठरवलं. पाण्यात पडणं बाद, कारण जवळपास पाणी नाही आणि असतं तरी मला नंतर कंबर चोळून द्यायला कुणी नाही. तिच्या अंगावर कॉफी सांडणंही बाद, कारण मी तिला ओळखतो, ती शांतपणे ‘गार पाण्यात भिजवायला हवं’ म्हणून निघून गेली असती. उरली छत्री. जिन्यापाशी छत्र्यांची बादली असते. ठरवलं, की सिनेमा संपायच्या जरा आधी उठायचं, तिची हिरवी छत्री उचलायची आणि आपली, वर्कशॉपच्या पत्त्याची चिठ्ठी शिवलेली, तिथे सोडायची. मग ती चिडून छत्री परत करायला येणार, मी दार उघडणार, वगैरे. ठरल्याप्रमाणे केलं. वर येताना जिन्यात दोनदा बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. मी अंगातला प्लास्टरचा एप्रन काढला, केस सारखे केले, दार उघडलं. दारात न्यायाधीश. हातात माझी छत्री.

“ही तुमची?” ते म्हणाले.

“हो.”

“आणि ती कोपऱ्यातली हिरवी माझी. जाणूनबुजून, की चुकून?”

आयुष्यात मी कोर्टाची पायरी एकदाच चढलो, तीही तुमच्या बहिणीबरोबर. त्यामुळे त्या आवाजापुढे मला खोटं बोलता येईना. “जाणूनबुजून,” मी म्हणालो, “पण तुमची म्हणून नव्हे.” आणि मग मी त्यांना स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. पियानो, हंस, हसू, खांब, सगळं. मध्ये न थांबता. इतकं तर मी वकिलालाही सांगितलं नव्हतं. ते ऐकत होते, त्यांच्या मागे चाळीस जबडेही ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

“मी एकोणीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात काढली,” ते म्हणाले. “किती संसार माझ्या सहीने मोडले, मोजले नाहीत. सगळे कायद्याने बरोबर. आता बुधवारी येऊन बसतो, एखादा तरी जुळताना बघावा म्हणून.” मग उठले, छत्री घेतली आणि दारात वळून म्हणाले, “पण तुमचं प्रकरण खांबामागून चालणार नाही. पुढे बसा. हा आदेश समजा.”

आदेशच होता म्हणून गेलो, नाहीतर गेलो नसतो. परवाच्या बुधवारी तिच्या रांगेत, मध्ये एक खुर्ची सोडून बसलो. त्या खुर्चीवर तिची पर्स होती. तिने मान वळवली नाही. पडद्यावर नावं येत होती, तेव्हा ती हळूच म्हणाली, “खांब पडला का?”

“तुला माहीत होतं?”

“पाच आठवडे मागून खोकतोयस तू. छातीचा फोटो काढून घे एकदा.”

(तुमच्या लक्षात आलं असेल, की ती मला ‘तू’ म्हणाली. लग्नात बावीस वर्षं ‘अहो’ म्हणायची. घटस्फोटातून मला मिळालेली ही एकच बढती.)

त्या दिवशीची गोष्ट अशी होती, की एका घटस्फोटित जोडप्याला नवरा-बायको असल्याचं सोंग करावं लागतं, कारण तिची श्रीमंत, तापट आत्या राहायला येते आणि आत्याला घटस्फोटाचं कुणी सांगितलेलंच नसतं. सगळी धावपळ, दारं उघडणं, दारं मिटणं. तुमची बहीण हसत होती, आणि मी पाच आठवड्यांनी परत पडद्याच्या दोन्ही बाजू पाहत होतो. शेवटी शेवटी आत्या जिन्यात उभी राहते, दोघांकडे रोखून बघते, बोलायला तोंड उघडते, आणि नेमकी तिथे सिनेमाची तबकडी अडकली. आत्याचं तोंड उघडंच. (वरची कवळी होती. उत्तम काम.) ग्रंथपालबाईंनी पुसून पाहिली, फुंकून पाहिली, यंत्राला एक चापट मारून पाहिली. उपयोग झाला नाही. झोपलेल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही सगळे वर आलो.

बसच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, आत्याला पहिल्यापासून सगळं माहीत असणार, ती तसं सांगते, आणि सकाळी जो तो आपापल्या घरी जातो. मी म्हणालो, छे, मग एवढा खटाटोप कशाला, ते दोघं परत एकत्र येतात. ती म्हणाली, सोंग केल्याने कुणी एकत्र येत नाही. मी म्हणालो, सोंग करताना तरी ते एकमेकांशी बोलत होते. ती म्हणाली, वाक्य पुरं करू दे मला. मी म्हणालो, तूच मध्ये बोलतेयस. एक बस गेली. दुसरी गेली. दादा, आम्ही भांडत होतो! लोक वळून बघत होते. मला इतका आनंद झाला होता की मुद्दा कुठला ते विसरायला होत होतं.

“बरं, मग सांग,” ती म्हणाली, “ती बॅग घेऊन निघाली असती, तर त्याने काय म्हटलं असतं?”

“थांब म्हटलं असतं.”

“एवढंच?”

“एवढं पुरे आहे.”

तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, “मी निघाले त्या दिवशी जिन्यात तीनदा थांबले होते. तुला वाटलं बॅग जड आहे. तू म्हणालास, दे, मी घेतो. आणि खालपर्यंत आणून दिलीस.”

मला ते आठवत होतं. बॅग खरंच जड होती. इतकी वर्षं मी ते माझ्या चांगुलपणाच्या खात्यात धरत आलो होतो.

तेवढ्यात तिसरी बस आली. पायरीवर पाय ठेवून तिने सांगितलं, की शुक्रवारी तिची नोकरी संपते, आणि शनिवारी सकाळच्या गाडीने ती तुमच्याकडे कायमची राहायला येतेय, तुम्ही वरची खोली रंगवून घेतली आहे. (हे तुम्हाला माहीतच होतं, आणि तुम्ही मला कळवलं नाहीत. रागावलो नाही. मला कळवायचं तरी कुठल्या नात्याने?) बसचा ड्रायव्हर बघत होता, दार उघडं होतं, आणि त्या क्षणी काय बोलायचं ते मी आठ बुधवार शिकलो होतो. मी म्हणालो, “तिकडच्या पाण्यात क्षार फार आहेत. दातांना जप.”

ती हसली नाही. “जपेन,” म्हणाली. दार मिटलं.

घरी आलो, दिवा लावला, साचे उघडले. कवळ्या छान झाल्या होत्या. बाकी विशेष काही नाही. वाचनालय चालू राहील, मी जात राहीन, खांबामागची जागा आता रिकामी राहील, ती कुणी घेणार नाही. तब्येत ठीक, काम भरपूर, एकंदरीत मजेत आहे. गुडघ्याला शेक द्या. वहिनींना नमस्कार.

तुमचा, नातं काहीही असलं तरी,
कवळीवाला

ता. क. : पत्र परत वाचलं. मजेत आहे, मजेत होतो, असं तीन ठिकाणी लिहिलंय. तिन्ही खोडायची होती, पण खाडाखोड केलेलं पत्र तुम्हाला आवडत नाही. तुम्हीच वाचताना सोडून द्या.

ता. क. २ : मुख्य काम राहिलंच. तुमच्या गावात कवळ्या बनवणारा कुणी आहे का, याची दातांच्या डॉक्टरांकडे गुपचूप चौकशी कराल का? नसेल तर एखादी जागा बघून ठेवा. फार मोठी नको. एक ओटा, वाहतं पाणी आणि एक लांब शेल्फ पुरे. तुमच्या बहिणीला विचारू नका. म्हणजे, विचारा, पण मी विचारायला सांगितलं असं सांगू नका.

ता. क. ३ : वरची सूचना निरर्थक आहे, कारण हे पत्र मी टपालाने पाठवत नाही. बसच्या पायरीवरून तिने आणखी एक विचारलं होतं, ते वर लिहायचं मी टाळलं. “दादाला काही द्यायचंय का? शनिवारी स्टेशनला जाताना घेऊन जाईन.” मी म्हणालो, पत्र देतो. तेव्हा हे तिच्याच हातून तुमच्यापर्यंत येईल. पाकीट चिकटवलेलं नाही. विसरलो असं सांगणार होतो, पण विसरलो नाही.

ता. क. ४ : (दादा, हे तुमच्यासाठी नाही, पान उलटा.) तुझा प्रवास पाच तासांचा आहे आणि तुला गाडीत झोप लागत नाही, म्हणून एवढं लांबण लावलं. ‘थांब’ म्हणायची वेळ निघून गेली, ते मला कळतं. म्हणून दुसरं विचारतो. मी तिकडे येऊ का? उत्तर दादांच्या पाकिटातून, दादांच्या नावाने आलं तरी चालेल. अक्षर मी ओळखतो.